हललेला की हलवलेला?

"हाऊ फोटू कसाना शे, भाऊ?"

धुळ्यातल्या एका फोटो लॅबच्या काउंटरवर माझी मोठी प्रिंट पसरली होती. पासपोर्टचे फोटो घ्यायला आलेले एक आप्पा ती वाकून बघत होते. प्रिंटवर उभे हिरवे पट्टे, मधूनच पिवळट झाक, खाली मातकट काळं. मी म्हणालो, "केळीची बाग आहे, आप्पा. सावद्याकडची." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "मंग केळी कोठे?" आणि मग, मला वाईट वाटू नये अशा बेताने, "फोटू हालना वाटस."

अमूर्त फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न ऐकावे लागतात. हा कशाचा आहे, आणि हा बिघडलाय का? लोक ते चेष्टेने विचारत नाहीत. समोर जे होतं तेच फोटोत दिसणार, असा आपला आणि कॅमेऱ्याचा जुना करार आहे. रेशनकार्डापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं त्या करारावर चालतं. चित्रकाराने झाड निळं रंगवलं तर आपण 'असेल बुवा' म्हणतो. कॅमेऱ्याने तसं केलं तर त्याला दुरुस्तीला टाकतो.

आप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाला मी आधी हात घालतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. तो फोटो हलला नव्हता, हलवला होता. एका 'व'चा हा फरक कळायला कॅमेऱ्याच्या पोटात काय चालतं ते पाहावं लागेल.

१. अंधारातली परात

जमिनीवर एक परात ठेवा आणि वरून चाळणीने पीठ चाळायला लागा. परातीत मधोमध एक वाटी पालथी घाला. चाळून झाल्यावर वाटी उचलली की तिच्या जागी कोरा गोल दिसतो आणि भोवती पांढरा थर. झाला फोटो. कॅमेऱ्यातली फिल्म किंवा आताचा सेन्सर म्हणजे ही परात आणि प्रकाश म्हणजे पीठ. चाळणी किती वेळ हलवायची ते शटर ठरवतं. चाळणीची भोकं केवढी हे अॅपर्चरच्या हातात. आयएसओ म्हणजे चिमूटभर पिठालाही मूठभर मानायची परातीची तयारी. ती जितकी वाढवाल तितका फोटो रवाळ होतो.

या परातीचे तीन स्वभाव लक्षात ठेवा. पुढचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

ती फक्त जमा करते. पडलेलं पीठ परत देत नाही. कुठला कण आधी पडला आणि कुठला नंतर, याची ती वही ठेवत नाही. आणि भरली की भरली, त्यानंतर कितीही चाळा, पांढऱ्याचं अधिक पांढरं होत नाही.

आता चाळता चाळता वाटी हळूच सरकवली तर? ठशाची कड पुसट होईल, लांबट होईल. चाळणं मध्येच थांबवून वाटीच्या जागी पळी ठेवली तर? दोन ठसे एकमेकांत मिसळतील. पहिलं झालं कॅमेरा हलवणं, दुसरं झालं एकावर एक फोटो घेणं. प्रयोगशील छायाचित्रणातल्या बहुतेक करामती या दोन खोड्यांची लेकरं आहेत. डोळा प्रत्येक क्षण वेगळा बघतो, कॅमेरा त्या क्षणांची बेरीज करतो. आपण त्या बेरजेत मुद्दाम हात घालायचा, एवढंच.

२. चाळीसगावचं टेबल

कॅमेऱ्याशी झालेला तो करार मोडायला कुठे लांब जावं लागत नाही, हे खानदेशात एका माणसाने फार पूर्वी दाखवून दिलं. कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे केकी मूस. जन्म मुंबईचा, २ ऑक्टोबर १९१२, पारशी घरातला. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या बेनेट कॉलेजातून कलेचं शिक्षण घेतलं आणि परतल्यावर चाळीसगावला रेल्वे स्टेशनाजवळच्या घरात जे राहिले, ते ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत. त्यातली बहुतेक वर्षं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. घराला त्यांनी 'रेम्ब्राँट्स रिट्रीट' असं नाव दिलं होतं.

ते घराबाहेर का पडत नसत, याची एक प्रेमकहाणी सांगितली जाते. तिच्यात रात्रीची मेल आहे, उघडं दार आहे, न आलेली प्रेयसी आहे. चाळीसगावात कुणालाही विचारा, रंगवून सांगतील. मला मात्र त्या मेलपेक्षा त्यांच्या टेबलात जास्त रस आहे.

मूस यांचं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रणासाठी. घरातल्या टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या, त्यावर प्रकाश असा पाडायचा की फोटोत खरंखुरं दृश्य उभं राहावं. या कामाला देश-परदेशांतून शेकडो बक्षिसं मिळाली. बाहेरचं जग दिसत नाही म्हणून त्यांनी टेबलावर जग मांडलं, असं लिहिण्याचा मोह होतो. पण त्यामागचं तंत्र त्याहून मजेदार आहे.

हातभर टेबलावर मैलभराचं दृश्य कसं मावतं? एक तर कॅमेऱ्याला डोळा एकच असतो. दोन डोळ्यांनी आपल्याला वस्तू जवळ आहे की दूर हे कळतं. एका डोळ्याने सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे पटेल. दुसरं, लहान वस्तूचा जवळून घेतलेला फोटो ओळखू येतो तो पुढचंमागचं पुसट झाल्यामुळे. अॅपर्चर बारीक केलं, एफ २२ वगैरे, तर पुढचंमागचं बरंचसं स्पष्ट येतं आणि मेंदू समजतो की हे सगळं लांबवरचं आहे. प्रकाश कमी शिरतो म्हणून शटर काही सेकंद उघडं ठेवायचं. टेबल काही पळून जात नाही. तिसरी गोष्ट थरांची. सातपुड्याच्या रांगा पाहताना जवळची गडद, तिच्यामागची निळसर, त्यामागची धुवट दिसते, कारण मधे हवा आणि धूळ असते. टेबलावर ही हवा आपणच आणायची.

घरी करून बघा. तुरीची वाळलेली काडी रव्याच्या ढिगात खोचा. तिच्यामागे बटर पेपरचा पडदा धरा, त्या पडद्यामागे अगदी लागून दुसरी काडी, मग पुन्हा बटर पेपर, पुन्हा काडी. सगळ्यात मागून एक टेबललॅम्प. कॅमेरा टेबलाच्या पातळीला, मुंगी उभी राहून बघेल तिथे. पहिली काडी काळी, दुसरी राखाडी, तिसरी असून नसल्यासारखी दिसेल. रवा बर्फासारखा दिसेल, आणि जळगाव जिल्ह्यात बर्फ पडलेला कुणी पाहिला नसला तरी चालतंय.

मूस यांची ही चित्रं अमूर्त नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांनी जे नाही ते ओळखीचं करून दाखवलं. अमूर्त फोटोत आपण जे आहे त्याची ओळख पुसतो. दिशा उलट, पण मोडलेला करार तोच.

३. वस्तू वजा केल्यावर

'अमूर्त' या शब्दाला उगीच दचकायला होतं. गोधडीकडे बघून 'हे कशाचं चित्र आहे' असं कुणी विचारत नाही. जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा लाल तुकड्याशेजारी बसला की बरं वाटतं, तेवढं पुरे असतं. भूप रागातल्या आलापाला कुणी विषय विचारत नाही. म्हणजे अमूर्ताची आपल्याला सवय आहे; फक्त ते फोटोच्या चौकटीत आलं की आपण साक्षीपुरावे मागायला लागतो.

वस्तूचं नाव वजा केल्यावर रंग, रेषा, पोत, उजेड आणि अंधार उरतात. त्यांच्या जोरावर उभं राहतं ते अमूर्त. त्यात काढणाऱ्याची मनःस्थिती डोकावायला लागली, घाई, धास्ती, उन्हाचा कंटाळा, तर त्याला अभिव्यक्तिवादी म्हणायचं. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे कॅनव्हासवर रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. त्यांच्या चित्रात खालचा थर वरच्यातून श्वास घेतल्यासारखा दिसतो. फोटोत थर रचण्याची इच्छा असेल त्याने तंत्राच्या दहा व्हिडिओंआधी गायतोंड्यांचं एक चित्र अर्धा तास बघावं, असं माझं मत आहे.

४. कॅमेऱ्याने सारवायचं

आता केळीच्या बागेत जाऊ. रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात रस्त्याला लागून उभ्या केळी. साधा फोटो काढला तर पानं, खोडं, ठिबकची नळी, वाळलेली पात आणि कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल, सगळं येतं. आपल्याला फक्त तिचा उभेपणा हवा आहे. तर शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं आणि त्या अर्ध्या सेकंदात कॅमेरा वरून खाली सरळ ओढायचा.

शेणाने अंगण सारवताना हात ज्या दिशेने फिरतो त्या दिशेच्या रेषा राहतात आणि तिला आडव्या जाणाऱ्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. इथेही तेच. हालचालीच्या दिशेतल्या कडा टिकतात, आडव्या कडा विरघळतात. खोडं उभी आहेत, कॅमेराही उभा हलला, म्हणून खोडांचे पट्टे उरले आणि टॉवेल गेला. तोच कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला असता तर खोडंच पुसली गेली असती आणि हिरव्या चटणीचा थर उरला असता. म्हणून आधी समोरच्या दृश्यात प्रबळ रेषा कुठल्या दिशेची आहे ते बघायचं. तापीच्या पात्रावर ती आडवी असते. एकोणिसाव्या शतकात ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आखलेल्या धुळ्याच्या सरळ, नंबर घातलेल्या गल्ल्यांत ती समोर दूर पळत जाते. तिथे कॅमेरा जागेवर ठेवून शटर उघडं असताना झूम फिरवला की सगळं मध्यातून उधळल्यासारखं येतं. कॅमेरा गोल फिरवला तर जात्यासारखं होतं, खुंट्यापाशी सगळं जवळजवळ स्थिर आणि कडेला सर्वात जास्त फरफट.

अडचण एकच, खानदेशातलं ऊन. परातीत भसाभस पीठ पडत असताना चाळणी अर्धा सेकंद उघडी कशी ठेवणार? हिशेब मांडू. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ १६ असेल तर शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. अॅपर्चर एफ २२ केलं की प्रकाश निम्मा, म्हणून शटर १/५० सेकंद. आपल्याला हवा अर्धा सेकंद, म्हणजे पंचवीसपट जास्त वेळ. तेव्हा लेन्सला काळा चष्मा घालायचा. बाजारात एनडी फिल्टर मिळतात. त्यातला ३२ नंबरचा बत्तिसावा हिस्सा प्रकाश आत सोडतो. १/५० ला ३२ ने गुणा, आलं सुमारे ०.६ सेकंद. काम झालं.

फिल्टरला पैसे घालायचे नसतील तर सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. प्रकाश आपोआप तेवढा उतरतो. मोबाइलमध्ये अॅपर्चर बहुधा बदलत नाही, म्हणून मोबाइलवाल्यांना तर ही तिन्हीसांजेची वेळच सोन्याची. कॅमेऱ्याच्या 'प्रो' मोडमध्ये शटरचा वेळ हाताने ठरवता येतो. आणखी एक, हात शटर दाबण्याच्या आधीपासून हलता ठेवायचा आणि नंतरही थांबवायचा नाही. क्रिकेटमध्ये बॉल सुटल्यावर हात पुढे जातो ना, तसा. थांबलात तर त्या जागी पीठ जास्त साचतं आणि पट्ट्याच्या टोकाला गाठ दिसते.

पन्नास फोटो काढले तर दोन ठेवण्यासारखे निघतात. सावद्याची ती प्रिंट त्र्याहत्तरावी होती. अर्न्स्ट हास या छायाचित्रकाराने १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलांच्या झुंजींचे मंद शटरवर रंगीत फोटो काढले, त्यात बैल आणि माणूस रंगाच्या लाटा होऊन गेलेत. तेव्हा फिल्म होती, काय मिळालं ते धुतल्यावर कळायचं. आपल्याला पुसून पुन्हा काढायची सोय फुकट आहे.

५. पाटीवरचा खडू

एकावर एक फोटो घेण्याचा धडा मला माझ्याच चुकीने शिकवला. फिल्मचे दिवस. अमळनेरला एक लग्न केलं आणि रोल गुंडाळताना त्याची जीभ, म्हणजे फिल्मचं टोक, बाहेर राहिली. दुसऱ्या दिवशी रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये भरतानाचे फोटो काढायचे होते. पिशवीतून रोल काढला, नवा समजून भरला आणि तोच पुन्हा वापरला. प्रिंट आल्या तेव्हा प्रत्येक फोटोत लग्न आणि केळी एकाच जागी नांदत होती. नवरीच्या आईने मला जे ऐकवलं ते योग्यच होतं. पैसे परत केले.

पण त्यातला एक फोटो मी आजही जपून ठेवला आहे. नवरीचा शालू गडद होता, त्याच्या घड्यांत केळीचा अख्खा घड स्पष्ट उमटला होता. तिच्यामागे मंडपाचा भगभगीत पांढरा दिवा होता, तिथे मात्र केळीचं पानसुद्धा आलं नव्हतं. कोऱ्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलं तर दिसतं, खडूने आधीच पांढऱ्या केलेल्या भागावर दिसत नाही. अंधार जागा देतो, उजेड देत नाही. दुहेरी फोटोतली पहिली प्रतिमा निवडताना तिच्यात काळोख कुठे आहे हे बघायचं, कारण दुसरी प्रतिमा तिथेच राहायला येणार.

दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांत देव प्रकटतात, अदृश्य होतात. तसल्या करामती त्या काळी कॅमेऱ्यातच होत, फिल्म थांबवून किंवा मागे फिरवून दुसऱ्यांदा प्रकाश दाखवून. देवाला काळ्या पडद्यापुढे उभं केलं की झालं. काळ्या भागात काहीच जमा होत नसल्यामुळे त्याच्याभोवतीचं जुनं दृश्य जसंच्या तसं राहतं.

आता प्रकाशाची वाटणी. समजा एका फोटोला १/१२५ सेकंद लागतो. त्याच परातीत दोन फोटो बसवायचे तर प्रत्येकाला निम्मं पीठ, म्हणजे १/२५० सेकंद. चार बसवायचे तर १/५००. हे न करता चार पूर्ण फोटो चढवले तर परात ओसंडून पांढराफेक ठोकळा मिळेल. डिजिटल कॅमेऱ्यांत 'मल्टिपल एक्सपोजर' नावाची सोय असते आणि तिच्यात 'अॅव्हरेज' निवडलं की ही भागाकाराची कटकट कॅमेराच करतो. 'अॅडिटिव्ह' निवडलं तर हिशेब तुमचा.

माणसाच्या काळ्या सावलीत जंगल भरलेले दुहेरी फोटो तुम्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पाहिले असतील. पहिल्यांदा छान वाटतात. शंभराव्यांदा नाही. त्यापेक्षा दोन्ही प्रतिमा अर्धवट असतील असं काही शोधा. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडतात; हातोडीच्या खुणांनी भरलेल्या घागरीच्या अंगावर चमकेचे शेकडो ठिपके असतात आणि बाकी घागर अंधारात ठेवता येते. त्यावर जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगाचा, एका बाजूने उजेड पडलेला, पोत चढवून बघा. धातू मऊ होतो. एखादं कडुनिंबाचं झाड मधोमध ठेवून त्याच्याभोवती फिरत आठ फोटो एकावर एक घेतले तर खोड जागेवर राहतं आणि फांद्यांचा धूर होतो. हेही पाटीचंच गणित.

जाता जाता एक आठवण. मेजर रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवल्या. त्यातल्या बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. त्याने लेण्यांचे जोडफोटोही काढले होते. किंचित वेगळ्या दोन जागांवरून काढलेली दोन चित्रं, एक डाव्या डोळ्याला, एक उजव्याला, आणि त्यांचा थर लागतो तो थेट बघणाऱ्याच्या मेंदूत; लेणं खोल दिसायला लागतं. गिलची कबर भुसावळला आहे.

६. चार भावांची वाटणी

कॅमेऱ्यात न जमलेलं नंतर संगणकावर किंवा मोबाइलच्या अॅपमध्ये जमवता येतं. फोटोंचे लेअर एकावर एक ठेवायचे आणि वरचा किती पारदर्शक करायचा ते टक्क्यांत सांगायचं. इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका एक चूक करतो. चार फोटो आहेत, चौघांना समान हक्क हवा, म्हणून तो वरच्या प्रत्येक लेअरला ५० टक्के देतो. परिणाम काय? सगळ्यात वरचा अर्धी इस्टेट घेऊन जातो. उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं, म्हणजे २५ टक्के, तिसऱ्याला. खालच्या दोघांच्या वाट्याला साडेबारा-साडेबारा.

बरोबर वाटणी अशी: सर्वात खालचा १००, त्यावरचा ५०, त्यावरचा ३३, सर्वात वरचा २५. वरून मोजा. वरच्याने पाव घेतला, पाऊण उरलं. पाऊणचे ३३ टक्के म्हणजे पुन्हा पाव. उरलं अर्धं, त्याचे ५० टक्के म्हणजे पाव. तळाला उरला पाव. कोर्टकचेरी नको. दहा लेअर असतील तर सर्वात वरच्याला दहावा हिस्सा, १० टक्के, त्याखालच्याला नववा, याच चालीने.

अॅपमध्ये 'ब्लेंड मोड' अशी लांबलचक यादी दिसते. त्यातले दोन कळले तरी वर्षभर पुरतात. 'मल्टिप्लाय' म्हणजे पतंगाचा कागद. एक कागद अर्धा उजेड जाऊ देतो, त्यावर तसाच दुसरा धरला तर अर्ध्याचा अर्धा, पाव. सगळं गडद होत जातं. पांढरं मात्र पूर्ण पारदर्शक, त्यातून खालचं जसंच्या तसं दिसतं. जुनी कागदपत्रं, भिंतीचे पोपडे, वाळलेल्या चिखलाच्या भेगा चढवायला हा मोड चांगला. 'स्क्रीन' त्याच्या उलट. अर्धा भरलेला पेला घ्या आणि उरलेल्या जागेच्या अर्धं ओता. पेला पाऊण भरतो. पुन्हा तसंच करा, अजून भरतो, पण कधी सांडत नाही. दिवे, ठिणग्या, पाण्यावरची चमक यांच्यासाठी स्क्रीन.

माझा एक नियम आहे, तुम्हाला पटला तर घ्या. चौथ्या लेअरनंतर थांबायचं. भाजीत मसाला कमी पडला म्हणून सगळे डबे उघडणाऱ्याची भाजी कशी होते ते आपण जाणतो.

७. मे महिन्यातला फुकटचा फिल्टर

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि शहाणी माणसं दुपारी दार लावून घेतात. त्या वेळी धुळ्याजवळ मुंबई–आग्रा महामार्गाच्या कडेला सावली बघून उभे राहा आणि ३०० मिलिमीटरच्या लेन्सने लांबच्या ट्रककडे बघा. ट्रक वितळताना दिसेल. तापलेल्या डांबराला चिकटलेली हवा विरळ, तिच्यावरची थोडी घट्ट. प्रकाश या थरांमधून येताना वाकतो. शिवाय गरम हवा सारखी वर चढत असते, म्हणून प्रत्येक क्षणी वेगळा वाकतो. रस्त्यावर चकाकणारं मृगजळ म्हणजे त्या वाकलेल्या प्रकाशातून दिसणारं आभाळच. इथे शटर उलट वेगाचं ठेवायचं, १/१००० सेकंद, म्हणजे लाटेचा एकेक आकार गोठतो. कॅमेरा ओल्या पंच्यात गुंडाळून नेऊ नका, कोरड्यात न्या. आणि सूर्याकडे लेन्स धरून आत डोळा लावू नका.

तापलेल्या हवेसारखाच दुसरा स्वस्त फिल्टर म्हणजे जत्रेतलं शोभादर्शक. आठवतं? तीन आरशांच्या नळीत बांगड्यांचे तुकडे. छायाचित्रकार अॅल्विन लँगडन कोबर्न याने १९१७ मध्ये तीन आरसे जोडून कॅमेऱ्याने त्यातून स्फटिक आणि लाकडाचे तुकडे टिपले. हेतुपुरस्सर काढलेल्या अगदी पहिल्या अमूर्त फोटोंमध्ये त्यांची गणना होते. म्हणजे जत्रेतल्या दहा रुपयांच्या खेळण्याचं भोक मोबाइलच्या लेन्सला लावलं की तुम्ही कलेच्या इतिहासातला एक प्रयोग पुन्हा केलेला असतो.

८. रात्री, टेबलापाशी

शेवटचा प्रयोग घरातलाच. दिवे घालवा. टेबलावर तांब्या ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा डब्यांच्या चळतीवर घट्ट बसवा. आयएसओ १००, एफ ११, शटर २० सेकंद. शटर उघडलं की अंधारात परात रिकामीच राहते. आता पीठ कुठे टाकायचं ते तुमच्या हातात. विजेरी डावीकडून तीन सेकंद फिरवा. विझवा. तांब्याच्या मागून, केळीच्या पानाआडून, दोन सेकंद. विझवा. उरलेला वेळ गप्प बसा. तुम्ही स्वतः काळे कपडे घालून फोटोच्या चौकटीतून चालत गेलात तरी दिसणार नाही, फक्त विजेरीचं तोंड कॅमेऱ्याकडे वळू देऊ नका. एखादी बाजू जास्त उजळ आली तर पुढच्या वेळी तिचे सेकंद निम्मे करा. मधेच तांब्या उचलून त्या जागी लिंबू ठेवला तर तांब्याचा थोडा भाग राहील, लिंबाचा थोडा. वरचे सगळे धडे एका टेबलावर आले.

प्रत्येक प्रयोगाचे आकडे एका वहीत लिहा: वेळ, अॅपर्चर, हालचालीची दिशा, किती थर. अमूर्त फोटोत कुठलाही अपघात खपून जातो, असा समज आहे. मी अपघात ओळखायला एकच कसोटी लावतो. जवळपास तसाच फोटो पुन्हा काढता आला तर तो हलवलेला. नाही आला तर हललेला, मग तो कितीही देखणा असो. माझा नवरी आणि केळीचा फोटो या कसोटीवर नापास आहे, म्हणून तो मी कधी भिंतीवर लावला नाही.

धुळ्याहून चाळीसगावला रेल्वेचा फाटा जातो. मूस यांचं घर स्टेशनापासून चालण्याच्या अंतरावर आहे, आणि आता ते त्यांचं कलादालन आहे. वेळ आधी विचारून जा, आणि तिथे गेल्यावर कुठल्याही चित्रापुढे 'हे कशाचं आहे' असं विचारण्याआधी उजेड कुठल्या बाजूने आलाय ते बघा.